वैशाखातले दान : सावली, पाणी आणि विसावा

चैत्र सरून वैशाख लागला की आपल्या देवळांतील उपचारांचे रूपच पालटते. पंढरीत गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत श्रीविठ्ठल-रुक्मिणीस दुपारी चंदनाची उटी लावली जाते. ठिकठिकाणच्या शिवालयांत पिंडीवर गळती बांधतात आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी अखंड झरत राहते. घरोघरी चैत्रगौर बसलेली असते. तिच्यापुढे कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगडाच्या फोडी मांडून सुवासिनींची हळदीकुंकवे होतात. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची बोळवण होते आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने उदककुंभाचे दान दिले जाते. त्याबरोबर छत्री, पादत्राणे आणि पंखा हीही दाने शास्त्राने सांगितली आहेत. या सर्व आचारांत एकच सूत्र ओवलेले दिसते. आणि ते म्हणजे तापलेल्याला निववणे.

मात्र येथे भाविकांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. देवाच्या अंगाला उटी लागते, पण ती उटी उगाळणारे हात भर दुपारी कोठे बसलेले असतात? गौरीपुढे थंडगार पन्हे ठेवले जाते, पण ज्या माउलीने त्यासाठी दुपारभर चुलीपुढे कैऱ्या शिजवल्या तिच्या घशाखाली पाण्याचा घोट गेला का? वैशाखातील दानांचा उगम ज्या कथेत आहे, तिचा रोख नेमका याच प्रश्नाकडे आहे.

सूर्यानेच दिलेली छत्री

महाभारताच्या अनुशासनपर्वात धर्मराज पितामह भीष्मांना विचारतात, की पुण्यकर्मांत छत्री आणि पादत्राणे देण्याची ही रीत कोणी घालून दिली? उत्तरादाखल भीष्म जमदग्नी आणि रेणुका यांचे आख्यान सांगतात. ज्येष्ठातील दिवस होते. भगवान जमदग्नी धनुष्य घेऊन बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि माता रेणुका दूर पडलेले बाण धावत जाऊन आणून देत होती. सकाळ गेली, सूर्य माथ्यावर आला, तरी खेळ थांबेना. पायाखालची भूमी भाजू लागली, मस्तक तापले. तेव्हा रेणुका एका झाडाच्या सावलीत क्षणभर थांबली, फक्त क्षणभर. पती शाप देईल या भयाने ती लगेच निघाली आणि थरथरत बाण घेऊन परत आली.

‘उशीर का झाला?’ या प्रश्नाला तिने खरे ते उत्तर दिले. डोके आणि पाय उन्हाने पोळले, म्हणून सावलीला उभी राहिले, एवढेच ती म्हणाली. ते ऐकून जमदग्नींचा कोप उसळला. परंतु तो रेणुकेवर नव्हे, सूर्यावर. त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. सूर्यनारायण ब्राह्मणाचे रूप घेऊन पुढे आले. आपण पृथ्वीचा रस शोषून घेतो तो पर्जन्यरूपाने परत देण्यासाठीच, त्या पावसावर अन्न पिकते आणि अन्नावर जग जगते, असे त्यांनी विनविले. जमदग्नींनी शरणागताला अभय दिले. पण या तापावर काही तोड काढ, माणसाला वाट चालता येईल असे काही कर, असे बजावले. तेव्हा सूर्याने मस्तकासाठी छत्र आणि पायांसाठी पादत्राणे दिली.

सज्जनहो, या कथेत सूर्य दोषी ठरत नाही. त्याचे तापणे सृष्टीला आवश्यक आहे. पण त्या तापापासून माणसाचे रक्षण करणे हेही सूर्यालाच मान्य आहे. म्हणून उन्हात डोक्यावर पदर किंवा उपरणे घेणे यात भक्तीची उणीव नाही. जो पाय भाजत असतानाही अनवाणी चालण्याचा हट्ट धरतो, तो सूर्याने दिलेला प्रसाद नाकारतो. मधुमेही यात्रेकरूंनी तर याचा विशेष विचार करावा. त्यांच्या तळव्यांची संवेदना मंद झालेली असू शकते, आणि तापलेल्या फरशीने पाय भाजल्याचे त्यांना घरी गेल्यावर कळते. अशांनी सकाळी लवकर दर्शन घ्यावे, आणि देवस्थानांनी प्रदक्षिणेच्या वाटेवर ओले तरट किंवा काथ्याची पायघडी अंथरावी. तेच तेथले पादत्राणाचे दान होय.

रेणुकेची भीती

तथापि या आख्यानातील मर्म छत्रीच्याही अलीकडे आहे. रेणुका उन्हाने पोळली होती. पण तिला खरे भय वाटले ते सावलीत थांबल्याचे. मला ऊन सोसवत नाही हे सांगण्याची तिला सोय नव्हती. कोणी विचारले तेव्हाच ती बोलली.

अशा रेणुका आजही आपल्या भोवती आहेत. सणाच्या दिवशी पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटणारी सून पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत बसत नाही. धुण्याभांड्याला येणारी बाई चौथ्या मजल्यावर चढून आल्यावर पाणी मागायला संकोचते. बांधकामावर पाट्या वाहणारा मजूर, शेतात भुईमूग उपटणारी बाई, चौकात उभा असलेला वाहतूक पोलिस, उत्सवाच्या मांडवाला खांब रोवणारी मुले, या साऱ्यांची थांबण्याची वेळ दुसऱ्या कोणाच्या हाती असते. घरातली वृद्ध आजी ‘मला काही होत नाही’ म्हणून पंखाही लावू देत नाही. वास्तविक उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे तिला तहान नाही याचा अर्थ तिच्या शरीराला पाणी नको असा होत नाही.

म्हणून वैशाखाचे खरे दान कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणतो, की ज्याला विसावा मागता येत नाही त्याला तो आपण होऊन द्यावा. उदककुंभाइतकेच ते मोठे दान आहे. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तेव्हा सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. ज्या मुलखात वैशाखाचे ऊन फार कठोर, त्याच मुलखाने त्या दिवसांत कष्टणाऱ्या लेकींना सावलीतला झोका दिला. त्या सणाचे हे मोल आपण विसरू नये.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना ग्रीष्मात सूर्य आणि वारा प्राणिमात्रांचा स्नेह शोषून घेतात आणि माणसाचे बळ अगदी क्षीण होते, असे प्रतिपादिले आहे. म्हणून या ऋतूत व्यायाम वर्ज्य, आहार गोड, थंड, पातळ आणि स्निग्ध असावा. एरवी दिवसा झोपण्याचा निषेध करणारे हे शास्त्र ग्रीष्मात मात्र दुपारच्या निद्रेला मोकळी परवानगी देते. विसावा हा आळस नसून ऋतूचा धर्म आहे, याला यापेक्षा मोठे प्रमाण कोणते हवे?

शरीर कसे तापते

माणसाच्या देहाचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. बाहेरची हवा तापली की शरीर घाम गाळते, तो घाम वाळताना उष्णता घेऊन जातो आणि देह निवतो. मातीच्या रांजणातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाळत असते. पण रांजण रिता झाला तर गारवा कोठून येणार? शरीरातले पाणी आणि क्षार संपत आले की घामाचा हा आधार तुटतो.

कोकणात आणि गोव्यात अडचण आणखी वेगळी आहे. तेथे हवेतच ओलावा इतका, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. यामुळेच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंश, तर किनारपट्टीसाठी किमान ३७ अंशांची मर्यादा धरते, आणि त्यासोबत तापमान सरासरीहून साधारण साडेचार अंशांनी चढलेले असावे लागते. म्हणून ‘आमच्याकडे कोठे नागपूर-चंद्रपूरसारखे ऊन आहे?’ असे समुद्रकाठच्या माणसाने म्हणू नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात धराव्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे सावलीत बसून काम करणारा मनुष्य एकाएकी चैत्री यात्रेला निघून भर दुपारी डोंगर चढू लागला, तर त्याला गावच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक धोका असतो. दुसरे असे, की रात्रही तापलेली राहिली तर शरीराची दिवसाची झीज भरून निघत नाही. चरकाचार्यांनी ग्रीष्मात रात्री चंद्राच्या शीतल किरणांत गच्चीवर निजावयास सांगितले, ते काही केवळ सुखासाठी नव्हे.

या तापाची किंमत आपण मोजलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे मोकळ्या मैदानावर झालेल्या विशाल समारंभास लाखो श्रद्धाळू जमले होते. तेथे उष्माघाताने दहाहून अधिक जीव गेले. ती माणसे श्रद्धेने आली होती आणि निष्ठेने उन्हात बसून राहिली होती. त्यांचे स्मरण ठेवून आपण एवढे तरी शिकावे, की जनसमुदायाला दुपारच्या उन्हात बसवणारा कोणताही कार्यक्रम, मग तो कितीही पवित्र असो, सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास व्हावा. मी स्वतः चैत्र-वैशाखात मोकळ्या मांडवातले दुपारचे कीर्तन स्वीकारीत नाही. देव संध्याकाळीही ऐकतो.

असे जीव वाचविता येतात, याचेही उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी तोंड देण्याची रीतसर योजना आखली. लोकांना आगाऊ इशारा देणे, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना शिकवून तयार ठेवणे, पाण्याची आणि सावलीची सोय करणे अशी साधीच कामे तीत होती. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तशी पावले उचलली. पाहिले तर ही सगळी आपल्या वैशाखदानांचीच मोठी रूपे आहेत.

सावित्रीची दक्षता

अक्षय्य तृतीयेनंतर सुमारे दीड महिन्याने वटपौर्णिमा येते. सावित्रीचे आख्यान आपल्या माताभगिनींना मुखोद्गत आहे; त्यातील एका क्षणाकडे मी त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. अरण्यात लाकडे फोडताना सत्यवानाला घाम फुटला, मस्तक दुखू लागले, अंगातले त्राण गेले आणि उभे राहवेना. सावित्रीने ‘थोडेसेच काम उरले आहे, ते उरका’ असे म्हटले नाही. ती तत्क्षणी जवळ गेली, भूमीवर बसली आणि त्याचे मस्तक तिने आपल्या मांडीवर घेतले. त्या कथेत यमधर्माचे विधान होते हे खरे. परंतु लक्षण दिसताच हातचे काम टाकून आपल्या माणसाजवळ बसण्याची ती दक्षता प्रत्येक घराने उचलण्याजोगी आहे.

उन्हात काम करणाऱ्याला फार घाम, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायांत गोळे अशी लक्षणे दिसली तर ती पहिली सूचना समजावी. त्याला ताबडतोब सावलीत आणावे, कपडे सैल करावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि शुद्धीत असल्यास घोट घोट पाणी, ताक किंवा सरबत द्यावे. पुष्कळदा एवढ्याने आराम पडतो. उलट्या होत राहिल्या किंवा थोड्या वेळात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठावा.

परंतु तो असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध झाला किंवा त्याला झटके आले, आणि अंग चटका बसेल इतके तापले असेल, तर तो उष्माघात होय. यात देहाचे तापमान ४० अंशांवर जाते आणि मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना इजा होते. अंग कोरडे असेलच असे नाही. कष्टाच्या कामाने उष्माघात झालेल्याला घाम येतही असतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत हात जोडून उभे न राहता रोग्याला निववावे. अंगावर भरपूर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा; बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापावरची गोळी येथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे खिशात कांदा ठेवण्याची किंवा तळपायाला कांदा चोळण्याची चाल आहे. पण कांद्याच्या भरवशावर उन्हात हिंडू नये आणि उष्माघातात त्यापायी एक क्षणही दवडू नये.

दर्शनाला जाताना लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद मोटारीत बसवून ठेवणे हे तर पातकच समजावे. उन्हात उभी असलेली मोटार काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

व्रत आणि पाणी

आता थोडे उपवासाविषयी. ज्येष्ठ शुद्ध एकादशी ही निर्जला एकादशी. वटपौर्णिमेचाही उपवास पुष्कळ सुवासिनी कडकडीत करतात. त्यांच्या निष्ठेला माझे वंदन असो. मात्र ज्या शास्त्राने व्रते सांगितली त्यानेच व्रत कशाने मोडत नाही हेही सांगून ठेवले आहे. महाभारतात आणि पुढे धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत अशा आठ गोष्टी येतात : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. या यादीत पाण्याला पहिले स्थान आहे. तेव्हा गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी माता, वृद्ध, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी उन्हाळ्यातल्या उपवासात पाणी आणि औषध सोडू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘तू पाणी घे, व्रत मोडत नाही’ असे सुनेला स्वतः होऊन सांगावे. तेच तिचे गुरुवचन ठरेल.

काय प्यावे, याचे उत्तर गौरीच्या नैवेद्यातच आहे. उकडलेली कैरी, गूळ, किंचित मीठ आणि वेलची यांचे पन्हे. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक. कोकणात आमसुलाचे सरबत. वाळ्याची जुडी टाकलेले माठातले पाणी. चरकाचार्यांनी ग्रीष्मात खारट, आंबट, तिखट रस टाळावयास सांगितले आहे. ते घरात बसणाऱ्याने पाळावे. पण दिवसभर शेतात घाम गाळणाऱ्याच्या अंगातले क्षार घामावाटे जातात, त्याच्या ताकात चिमूटभर मीठ हवेच. फारच गळून गेलेल्यासाठी दवाखान्यात मिळणारे क्षारसंजीवनीचे पाकीट घरात असावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. मधुमेह्यांनी गुळासाखरेबाबत आणि हृदय-मूत्रपिंडाच्या रोग्यांनी पाण्याच्या प्रमाणाबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे, ही खूण सर्वांनी लक्षात ठेवावी.

पाणपोई घालणाऱ्यांना एक विनंती आहे. रांजण रोज घासावा, झाकून ठेवावा, आणि पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे असावे. अशुद्ध पाण्याचे दान पुण्याऐवजी पटकी-हगवण पदरात टाकते. शेजारी पशुपक्ष्यांसाठी एक पसरट कुंडीही भरलेली असावी. नाथमहाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वरास निघाले असता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजले आणि माझा रामेश्वर येथेच पावला असे मानले, ही कथा आपण कीर्तनातून किती वेळा ऐकतो! नाथांना त्या मुक्या जिवाने पाणी मागितले नव्हते. त्यांनी ते ओळखले.

या तृतीयेचा संकल्प

अक्षय्य तृतीयेला दिलेले क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा या वर्षी उदककुंभाचा संकल्प सोडताना प्रत्येक कुटुंबाने आणखी थोडे बोलावे. दुपारी बारा ते तीन या वेळात आपल्या घरी कोणाला राबवणार नाही. सणाचा स्वयंपाक सकाळी दहापर्यंत आटोपेल असाच बेत ठरवीन, आणि वाढणारीला पहिल्या पंगतीतच बसवीन. कामाला येणाऱ्या बाईला दारातच आधी पाणी देईन, मग काम सांगेन. गड्याची दुपारची सुट्टी वाढवली म्हणून त्याची मजुरी कापणार नाही. शेजारी एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या दारावर दिवसातून दोनदा थाप मारीन.

आणि हे सारे करताना त्यांना एक प्रश्न विचारायला विसरू नये, जो जमदग्नींनी विचारला आणि ज्याच्या उत्तरातून जगाला छत्री मिळाली. उशीर का झाला, हे रागाने न विचारता काळजीने विचारावे. ‘ऊन लागले का, बाई? बसा जरा,’ एवढे शब्द पुरेत.